'मग लिही' म्हणणाऱ्यांसाठी

ज्या सल्ल्यापायी देणाऱ्याला पदरचं काही मोडावं लागत नाही, तो सल्ला आपल्याकडे फार मायेने दिला जातो. 'मुलं जरा मोठी होऊ देत, मग निवांत लिही' हा त्यांतलाच एक. मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत, शाळेच्या फाटकाशी, हळदीकुंकवाला, वाचनालयाच्या काउंटरवर तो सारख्याच स्वरात ऐकू येतो. देणाऱ्यांत सासूबाई असतात, मैत्रिणी असतात, प्राध्यापक समीक्षकही असतात. या सल्ल्यामागे एक अख्खी भूमिका आहे आणि ती आडपडदा न ठेवता मांडली तर अशी दिसते: कादंबरी ही मोठी, गंभीर गोष्ट. तिला सलग वेळ लागतो, शांत जागा लागते, जगाचा अनुभव लागतो. पोरं सांभाळत घरी बसलेल्या बाईकडे यांतलं काहीच नसतं. तेव्हा तिने चारोळ्या कराव्यात, फार तर दिवाळी अंकाला एखादी कथा द्यावी. कादंबरीचं पुढे बघता येईल. शिवाय लिहिण्यावर काही चूल पेटत नाही आणि मुलांचं बालपण परत येत नाही. इतकं सांगूनही एखादीने लिहिलीच कादंबरी, तर कौतुकाला आम्ही आहोतच, 'घर सांभाळून लिहिते हो!' ऐकायला समंजस वाटणाऱ्या या भूमिकेतलं एकेक विधान तपासायला घेतलं, तर हाती साहित्यविचार लागत नाही. घरात कोणाचा वेळ वेळ म्हणून धरायचा आणि कोणाचा नाही, याचा जुनाच निवाडा तेवढा लागतो.

आधी त्या 'मग'चा हिशेब करू. तिशीच्या आगेमागे पहिलं मूल, तीन-चार वर्षांनी दुसरं. धाकट्याची बालवाडी संपते तोवर थोरल्याची स्कॉलरशिपची परीक्षा येते. मग दहावी, बारावी, प्रवेश परीक्षांचे क्लास. धाकटाही त्यातून सुटेपर्यंत बाई पन्नाशीला टेकते, तेव्हा सासऱ्यांचा मोतीबिंदू आणि आईचे गुडघे रांगेत उभे असतात. ती रांग सरते तो मुलीचं बाळंतपण. उपनगरातल्या कुठल्याही मराठी शाळेबाहेर सकाळचं अधिवेशन सुटताना उभं राहून पाहावं, न्यायला आलेल्यांत आज्या किती असतात. मुलं मोठी झाल्यावर ज्यांना काही करायचं होतं, त्यांना नातवंडांनी गाठलेलं असतं. म्हणजे हा 'मग' कॅलेंडरवर कुठेच नसतो. आणि हा सल्ला बापाला कोणी दिल्याचं ऐकिवात आहे का? कादंबरी लिहिणाऱ्या पुरुषाला 'पोरगं आत्ता कुठे दुसरीत आहे, घाई काय आहे?' असं कोणी विचारतं का? थांबायला सांगण्याचा परिणाम काय होतो, हे पाहायला फार लांब जायला नको. मराठीला चार ज्ञानपीठ पुरस्कार मिळाले, चारही पुरुषांना. १८७८पासून २०२५च्या दिल्ली संमेलनापर्यंत ९८ साहित्य संमेलनं झाली, त्यांना अध्यक्ष म्हणून लाभलेल्या स्त्रिया सहा. याचं सगळं खापर पाळण्यावर फोडता येणार नाही, हे मान्य. पण निम्म्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'जरा थांब' सांगायचं आणि मग यादीत बायका दिसत नाहीत म्हणून नवल करायचं, याला काय म्हणावं?

या भूमिकेतला वजनदार वाटणारा मुद्दा सलग वेळेचा. कादंबरी एका दमात लिहावी लागते, मध्ये खंड पडला की तिचा सूर तुटतो, असं म्हणतात. दाखला म्हणून १९६३ची 'कोसला' पुढे केली जाते. भालचंद्र नेमाड्यांनी ती पंधरा-सोळा दिवसांत लिहून काढली, असं सांगितलं जातं. लिहिली असेल, त्याने 'कोसला' थोर ठरते, सलग वेळ अनिवार्य ठरत नाही. सलग वेळ कोणाला मिळतो, याचा याहून बोलका दाखला आपल्याकडे आहे. आईवरचं मराठीतलं सर्वांत लाडकं पुस्तक, 'श्यामची आई', साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. आईचं पुस्तक लिहायला लागणारा अखंड वेळ एका अविवाहित माणसाला ब्रिटिश सरकारच्या कैदेत मिळाला. तो एखाद्या आईला तिच्या स्वतःच्या घरात मिळेल, अशी कल्पनाही आपल्याला सुचत नाही. आता दुसरी बाजू पाहा. मराठी कादंबरी वाढली ती तुकड्यातुकड्यांनी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० ते १८९३ या काळात 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली. आणि खंड पडत पडत सांगितलेल्या गोष्टींची जगातली महाराणी जर कोणी असेल तर ती शहराजाद. एक हजार एक रात्री रोज पहाटे तिची गोष्ट तुटते आणि दुसऱ्या रात्री जोडली जाते. 'अरेबियन नाइट्स'च्या इंग्रजी भाषांतरात बर्टनने दिलेल्या शेवटात तर ती राजापुढे आपली तीन मुलं उभी करते: एक चालणारं, एक रांगणारं, एक अंगावर पिणारं. म्हणजे त्या गोष्टी चालू असताना तीन बाळंतपणं उरकली होती. बर्टनचे ते सोळा खंड १९७६-७७ साली मराठीत आणले गौरी देशपांडे यांनी, आणि त्या तीन मुलींच्या आई होत्या. सोळा खंड! सलगतेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी ते एकदा एकावर एक रचून पाहावेत.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, मग अडचण काय? तुकड्यांत लिहिता येतं ना, तर लिहा. कोणी हात धरलाय? हात धरलाय, आणि नेमका कुठे ते सांगायला हवं. वेळ तुटका असणं आणि वेळ हक्काचा नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ता लिहिणाऱ्याला पुढच्या अंकाची तारीख ठाऊक असते. दोन हप्त्यांमधला वेळ तुटका असतो, पण त्याचा स्वतःचा असतो. शहराजादच्या डोक्यावर तलवार होती हे खरं, पण गोष्ट ऐन रंगात आली असता राजाने उठून 'माझा निळा शर्ट कुठे आहे?' असं विचारल्याची नोंद नाही. घरी असलेल्या बाईचा वेळ मात्र सार्वजनिक मालमत्ता असतो. शेजारच्या दोन फ्लॅटची पार्सलं तिच्याकडे येतात, गॅसचा सिलिंडर तिच्या भरवशावर येतो, नळदुरुस्तीवाला तिच्या वेळेने नव्हे तर तिला स्वतःच्या वेळेने येऊन गाठतो, आणि या सगळ्याचं समर्थन चार शब्दांत होतं: 'घरीच असतेस ना तू?' हे तक्रारीपुरतं बोलणं नाही, याला सरकारी आकड्यांचा आधार आहे. केंद्राच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत, घरासाठी बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुलं आणि आजारी-वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही. ती करणाऱ्यांत स्त्रियांची आणखी १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. २०२४ची पाहणी आली तेव्हा घरकामाचे आकडे २८९ आणि ८८ झाले होते. पाच वर्षांत बाईचं काम दहा मिनिटांनी घटलं म्हणून हरखून जावं, तर पुरुषांनीही आपलं नऊ मिनिटांनी घटवून घेतलेलं. या आकड्यांपुढे 'तिला सलग वेळ नसतो' हे वाक्य उच्चारताना तो वेळ गेला कुठे, हे विचारायचं राहूनच जातं. मूल त्या वेळाचा वाटेकरी आहे, एकटा मालक नाही. अडीच वर्षांचं पोर दुपारी झोपतंच. त्या झोपेच्या वेळात कोणी काय मागायचं, हे मोठी माणसं ठरवतात.

मग जागेचा मुद्दा येतो. मुंबईच्या वन बीएचकेत लिहायला कोपरा कुठून आणणार, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण जागेची टंचाई आणि गलका कादंबरीच्या मुळावर येत असते, तर घाटकोपरच्या चिरागनगरातून मराठीला काहीच मिळालं नसतं. अण्णाभाऊ साठे तिथल्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षं राहिले आणि त्याच काळात, १९५९ साली, 'फकिरा' आली. त्यांच्या दारिद्र्याचं उदात्तीकरण करण्याचा हेतू नाही. भिंतींचा चौरस फूट आणि कादंबरीची ऐपत यांचा थेट संबंध लावता येत नाही, इतकंच. हा संबंध नाही याचा दुसरा पुरावा तर ताजा आहे आणि तो अंधेरी ते मुलुंड प्रत्येक इमारतीत घडला. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि ज्या घरांत जागा नव्हती त्याच घरांत रातोरात कार्यालयं उभी राहिली. बेडरूमचं दार लागलं. 'बाबांची मीटिंग चालू आहे' एवढं म्हणताच कुकरच्या शिट्ट्या दबकल्या, टीव्हीचा आवाज उतरला, चार वर्षांच्या मुलांनाही बंद दाराचा अर्थ कळला. घर तेच, मुलं तीच, भिंतीही तेवढ्याच. म्हणजे दार लावता येतं. मुलांना शिकवता येतं. गप्प बसता येतं. हे सगळं पगाराच्या कामासाठी दोन दिवसांत जमलं, तर आईच्या कादंबरीसाठी ते अशक्य कसं होतं? जागा नसते, हे कारण त्या दोन वर्षांत कायमचं बाद झालं आहे. ज्यांना ते अजूनही पुढे करायचं असेल, त्यांनी निदान टाळेबंदीतले आपापले फोटो लपवावेत.

पगाराचा उल्लेख आला की प्रतिपक्षाला जोर चढतो. बाबांच्या मीटिंगवर घराचा हप्ता भरला जातो, कादंबरीवर काय मिळतं? उत्तर सरळ आहे: फारसं काही नाही. चारशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती धरा आणि दहा टक्के मानधन धरा. सगळ्या प्रती खपल्या तर चाळीस हजार होतात, आणि त्या खपायला वर्षं लागू शकतात. पण हा हिशेब लेखक पुरुष असला की कुठे जातो? मराठीतले बहुसंख्य कादंबरीकार कादंबरीवर जगलेले नाहीत. त्यांनी कॉलेजांत शिकवलं, कचेऱ्यांत फायली काढल्या. 'पानिपत' १९८८ साली आली तेव्हा विश्वास पाटील सरकारी अधिकारी होते. त्यांना कोणी 'निवृत्त झालात की लिहा' म्हटलं नाही. उलट 'नोकरी सांभाळून एवढं लिहिलं' हा त्यांच्या सत्कारातला हुकमी गौरव असतो. नोकरी सांभाळून लिहिणारा तो निष्ठावंत आणि मुलं सांभाळून लिहिणारी ती हौशी, हा भेद कोणत्या साहित्यशास्त्रात सांगितला आहे? शिवाय पगारी बाईला कायद्याने थोडी तरी जागा दिली आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. घरी बसून लिहिणारीला ना रजा, ना पाळणाघर, ना मस्टर. तिच्या कामाला पैसे नाहीत म्हणून सवलत नाही, आणि सवलत नाही म्हणून काम पुढे सरकत नाही; पुढे सरकलं नाही की तेच दाखवून म्हणायचं, बघा, हौसच होती.

आता अनुभवाचा मुद्दा. चार भिंतींतल्या बाईकडे सांगण्यासारखं असतं काय? इथे आपल्या समीक्षेची गंमत पाहण्यासारखी आहे. मराठी कादंबरीला वयात आणणारी 'पण लक्षात कोण घेतो' ही यमू नावाच्या घरात कोंडलेल्या मुलीची, तिच्याच तोंडून सांगितलेली कहाणी. सासर, माजघर, बायकांची धुसफूस, विधवेचे हाल हे सगळं एका पुरुषाने लिहिलं आणि ते सामाजिक वास्तववादाचा आरंभ ठरलं, योग्यच ठरलं. तोच ऐवज घरातली बाई लिहू लागली की त्यावर 'घरगुती' असा शिक्का. वसतिगृहातल्या मेसची भाजी अस्तित्वाचा प्रश्न उभा करते, घरच्या भाजीने मात्र फक्त जेवण होतं, असं का बरं? आणि बाई चार भिंतींतच असते हे तरी कोणी ठरवलं? मालती बेडेकरांनी, म्हणजे विभावरी शिरूरकरांनी, सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केलं आणि १९५० साली 'बळी' लिहिली. ज्यांना तसं काम मिळालं नाही त्यांच्याकडेही जग चालत येतं. मूल वाढवणारी बाई भाषा जन्मताना ऐकते. शाळाप्रवेशाच्या रांगेत तिला जात, पैसा आणि इंग्रजीचा दबदबा एकत्र भेटतो. कामाला येणाऱ्या मावशी सुट्टी का मागतात, पुनर्विकासाच्या कागदावर कोण सही करत नाही, वॉचमनचं कुटुंब गावी का राहतं, हे इमारतीत तिच्याइतकं कोणाला ठाऊक असतं? कादंबरीला जर माणसांचे परस्परसंबंध हवे असतील, तर सकाळी लोकलने जाऊन रात्री परतणाऱ्यापेक्षा तिचा साठा थोडा कसा? उणीव अनुभवाची नाही. तो अनुभव टेबलापर्यंत नेऊन कागदावर उतरवायला लागणाऱ्या दोन तासांची आहे.

शेवटचं अस्त्र नेहमी मुलांच्या नावाने सोडलं जातं. आई लिहीत बसली तर पोरांचं काय? बोरिवलीहून सकाळी आठच्या गाडीने निघणारा आणि रात्री नऊला परतणारा बाप पोरांना दुरावतो, असं आपण म्हणत नाही. तो त्यांच्यासाठी राबतो, असं म्हणतो. तेरा तासांची गैरहजेरी प्रेमात जमा आणि दोन तासांचं बंद दार हेळसांडीत, हा कुठला न्याय? आईला तिचं स्वतःचं काम आहे, ते अवघड आहे, त्यात ती चुकते आणि पुन्हा बसते, हे पाहत वाढलेल्या मुलाचं नेमकं काय बिघडतं, हे कोणी नीट सांगत नाही. सूर तेवढा गंभीर लावला जातो. घरी राहून मुलं पाहणारा बाप लिहू लागला तर त्यालाही टोमणे ऐकावे लागतील, यात शंका नाही. पण तसा बाप इतका विरळा आहे, की त्याच्या अडचणींसाठी आपल्याला अजून सल्लेही तयार करावे लागलेले नाहीत.

विरोधाइतकाच घातक प्रकार कौतुकाचा आहे. त्याचा लाडका दाखला बहिणाबाईंचा: त्यांनी कुठे खोली मागितली? जात्यावर, शेतात काम करता करता रचलंच ना? रचलं, पण ते आपल्यापर्यंत आलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. ज्यांच्या घरात लिहून घेणारं कोणी नव्हतं, त्यांचं काय झालं, हे कौतुक करणाऱ्यांनी स्वतःला विचारलं आहे का? फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' किराणा दुकानात बसून, पोरंबाळं वाढवत लिहिलं आणि ती कागदपत्रं घरच्यांपासून वीसेक वर्षं लपवून ठेवली. याला प्रेरणादायी म्हणायचं? वीस वर्षं लपवावं लागलं, हे त्या घराविरुद्धचं आणि त्या समाजाविरुद्धचं आरोपपत्र आहे. तिसरा दाखला परदेशातून येतो: टोनी मॉरिसन पहाटे उठून लिहायच्या, दोन मुलगे, संपादकाची नोकरी, तरी १९७० साली पहिली कादंबरी आलीच. तेव्हा बायांनो, चारला उठा! सकाळच्या सातच्या शाळेसाठी जिथे पाचला डबा चढतो, तिथे चारला उठणारी बाई झोपणार कधी, याचं उत्तर सल्ल्यात नसतं. अपवादाला पुढे करून नियम झाकायचा, ही या कौतुकाची रीत. अशक्यप्राय परिस्थितीत एकीने लिहिलं म्हणून परिस्थिती बदलायला नको, असा निष्कर्ष काढणारे लोक टंचाईग्रस्त गावात एकाच्या विहिरीला पाणी लागलं, की उरलेल्यांचा टँकर बंद करतील.

मग करायचं काय, असा साळसूद प्रश्न येईलच. त्याचं उत्तर कठीण नाही, फक्त फुकट नाही. घराने दिवसातले दोन ठरलेले तास आईच्या कामाचे म्हणून मान्य करावेत, आणि त्या तासांत मूल, दार, फोन आणि सिलिंडर दुसऱ्या कोणीतरी पाहावा. त्या दुसऱ्या कोणाला बहुतेक घरांत 'बाबा' म्हणतात. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी आपण गल्लोगल्ली अभ्यासिका काढल्या. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांनी शंभर वर्षं वाचक घडवले. अशा ठिकाणी लिहिणाऱ्या आयांसाठी दुपारची दोन टेबलं आणि शेजारी एक पाळणाघर चालवायला साहित्य संमेलनाच्या मंडपाइतका खर्च खचित येणार नाही. साहित्याच्या नावाने अनुदानं, पुरस्कार आणि पालख्या निघतात. पाळणाघराला साहित्यिक खर्च म्हणायची वेळ आली आहे. हे देता येत नसेल, तर तसं स्पष्ट सांगावं: आम्हाला तुझा वेळ हवा आहे आणि तो परत करायची आमची तयारी नाही. त्यात निदान खरेपणा असेल. पण कादंबरीला सलगता लागते, जागा लागते, अनुभव लागतो, पैसा लागतो, मुलं लागतात मोठी, असली शास्त्रं त्यासाठी रचू नयेत. कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिली गेली आहे, झोपडपट्टीत लिहिली गेली आहे, नोकरी करत लिहिली गेली आहे. मूल तिच्या वाटेत कधीच आडवं आलं नाही. आडवी येते ती मोठ्यांची समजूत, की घरी असलेल्या बाईचा वेळ सगळ्यांचा असतो. मुलं मोठी होण्याची वाट पाहण्याचं काही कारण नाही. त्यांच्याभोवतालच्या मोठ्यांनी मोठं व्हायचं राहिलं आहे. ते होईतो तिने थांबू नये, आणि तिला थांबायला सांगण्याचा अधिकार तर कोणालाच नाही.